निओक्लासिकल एनग्रेव्हिंगमधला पुराणप्रसंग कसा पाहावा : रेषा, उजेड आणि रचना

ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन 1738 मध्ये सुरू झालं आणि पॉम्पेईचं 1748 मध्ये. 1755 मध्ये जर्मन कलाअभ्यासक विंकेलमान यांनी ग्रीक कलेतला उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता यांवर लिहिलं, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं युरोपातले चित्रकार, शिल्पकार, खोदकाम करणारे कारागीर ग्रीक-रोमन पुराणांकडे वळले. हीच निओक्लासिकल, म्हणजे नव-अभिजात शैली. तैलचित्रं राजवाड्यांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत राहिली. बाकीच्या युरोपाने ती पाहिली तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या काळ्या-पांढऱ्या कागदांवर.

आज तीच मुद्राचित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतात. पण नव्याने पाहणारा दोन ठिकाणी हमखास अडतो. रंग नाही म्हणून चित्र कोरडं वाटतं. आणि माणसं ओळखू येत नाहीत म्हणून तो लगेच कथा शोधायला जातो, कथा सापडली की पुढच्या चित्राकडे निघतो. पाहायचं राहूनच जातं. म्हणून या लेखात मी कथेला मुद्दाम उशिरा, सहाव्या पायरीवर ठेवलं आहे. आधी रेषा, मग उजेड, मग रचना. हा क्रम पाळलात तर कथा कळायच्या आधीच प्रसंगाचा अर्धा भाव तुमच्या हाती आलेला असेल.

## जवळ काय असू द्यावं

- आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग. पडद्यावर पाहणार असाल तर भिंगाची गरज नाही, पण चित्र खूप मोठं करून दाखवणारं संकेतस्थळ हवं. न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम या तिघांपासून सुरुवात करा.
- ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल. चित्राची साधी छापील प्रत काढून तिच्यावर गिरवायचं आहे.
- छोटा टॉर्च, मूळ कागद हाताशी असेल तरच. तो बाजूने, अगदी तिरका धरायचा.
- इलियड आणि ओडिसी या होमरच्या ग्रीक महाकाव्यांचे थोडक्यात कथासार. सहाव्या पायरीपर्यंत ते बंद ठेवा.

## 1. चित्राखालच्या ओळी वाचा

चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लॅटिन शब्द असतात, बहुतेकदा तोडून लिहिलेले. इन्व्हेनिट म्हणजे कल्पना कोणाची. पिन्क्सिट म्हणजे रंगवलं कोणी. डेलिनिअव्हिट म्हणजे रेखाटलं कोणी. स्कल्प्सिट किंवा इन्सिडिट म्हणजे पत्र्यावर कोरलं कोणी. एक्सकुडिट म्हणजे प्रकाशित कोणी केलं. चित्रकाराचं नाव सहसा डावीकडे असतं आणि कोरणाऱ्याचं उजवीकडे.

ही पायरी दोन मिनिटांची आहे, पण टाळू नका. इथेच कळतं की समोरचा कागद दोन माणसांचं काम आहे. गॅव्हिन हॅमिल्टन या स्कॉटिश चित्रकाराने रोममध्ये राहून इलियडमधल्या प्रसंगांची मोठी चित्रं काढली. ती युरोपभर पोचली दोमेनिको कुनेगोने कोरलेल्या पत्र्यांमुळे. रेषेबद्दल बोलताना आपण कुनेगोबद्दल बोलत असतो आणि रचनेबद्दल बोलताना हॅमिल्टनबद्दल. पुष्कळ लेखांत कोरणाऱ्याचं नावही येत नाही. हा मोठा अन्याय आहे, कारण तैलचित्रातला प्रत्येक रंग रेषेत कसा आणायचा हे त्यानेच ठरवलेलं असतं.

## 2. तंत्र ओळखा

भिंग लावा आणि एकाच रेषेचं टोक पाहा.

एनग्रेव्हिंग. ब्युरिन नावाचं टोकदार पोलादी हत्यार तांब्याच्या पत्र्यात ढकलून चर काढतात. दाब वाढला की चर खोल आणि रुंद होते, दाब कमी केला की निमुळती होते. म्हणून रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि टोकाला सुईसारखी संपते. कडा स्वच्छ असतात.

एचिंग. पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेखाटतात आणि आम्ल उघड्या पडलेल्या धातूला खातं. इथे रेषेची जाडी साधारण सारखी राहते, टोक बोथट असतं, कडा किंचित खडबडीत. हात मोकळा फिरलेला जाणवतो.

स्टिपल. रेषांऐवजी ठिपके. लंडनमध्ये फ्रान्चेस्को बार्तोलोत्सी आणि विल्यम विन रायलंड यांनी हे तंत्र लोकप्रिय केलं. चित्रकार अँजेलिका कॉफमनच्या कोवळ्या, गोलसर पौराणिक चित्रांना ते फार शोभून दिसलं. अनेकदा तांबूस शाईत छापत, त्यामुळे खडूने काढल्याचा भास होतो.

इथला सापळा असा की एकाच कागदावर दोन-तीन तंत्रं असू शकतात. झाडं आणि जमीन एचिंगने, शरीरं ब्युरिनने, चेहरे ठिपक्यांनी, असं सर्रास करत. म्हणून एकाच ठिकाणी भिंग लावून निर्णय देऊ नका. चेहरा, वस्त्र आणि पार्श्वभूमी असं तिन्हीकडे पाहा.

## 3. रेषा : फ्लॅक्समनपासून सुरुवात करा

रेषा शिकायला माझ्या मते जॉन फ्लॅक्समनसारखा गुरू नाही. हा इंग्रज शिल्पकार. तरुणपणी जोसाया वेजवूडच्या कारखान्यासाठी भांड्यांवरची उठावशिल्पं घडवायचा. 1787 मध्ये तो रोमला गेला आणि 1794 पर्यंत तिथे राहिला. तिथे त्याने इलियड आणि ओडिसीसाठी केवळ बाह्यरेषांची चित्रं काढली. तोमासो पिरोली याने ती पत्र्यावर कोरली आणि 1793 मध्ये ती प्रसिद्ध झाली.

या चित्रांत छटा जवळजवळ नाहीच. सावली नाही, स्नायूंचा फुगवटा नाही, मागे डोंगर-देऊळ नाही. एक रेषा खांद्यावरून निघते, कोपरापाशी वळते, वस्त्राच्या चुणीत शिरते. बाकी कोरा कागद. ही कल्पना ग्रीक मडक्यांवरच्या चित्रांतून आली. नेपल्समधले ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन (चित्रकार गॅव्हिन हॅमिल्टन वेगळे) यांच्या मडक्यांच्या संग्रहावरचे ग्रंथ 1760 च्या दशकापासून निघू लागले होते, आणि 1791 पासून जर्मन चित्रकार टिशबाइनने त्यांच्या दुसऱ्या संग्रहाची चित्रं नुसत्या बाह्यरेषांत छापली. फ्लॅक्समनचा डोळा त्यावर घडला.

आता कृती. ‘सार्पेडॉनचा देह लिसियाला नेणारे निद्रा आणि मृत्यू’ हे चित्र उघडा (सार्पेडॉन हा युद्धात पडलेला योद्धा; निद्रा आणि मृत्यू हे पंख असलेले दोन देव), त्याची छापील प्रत काढा आणि ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवा. गिरवताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

रेषा कुठे तुटते ते पाहा. तुटलेली जागा विसरलेली नसते. तिथे डोळ्याने पूर्ण करावं अशी अपेक्षा असते. 1799 मध्ये जर्मनीत समीक्षक ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल यांनी फ्लॅक्समनच्या बाह्यरेषांवर लिहिताना हाच मुद्दा धरला होता: अर्धं सांगितल्यामुळे पाहणाऱ्याची कल्पना कामाला लागते, कवितेत लागते तशी.

मग रेषेची दिशा मोजा. उडणाऱ्या दोघांच्या पंखांच्या रेषा कुठे जातात आणि मृत शरीराच्या कुठे? जिवंत आणि निर्जीव यांतला फरक इथे चेहऱ्यावर शोधू नका, रेषेच्या ताणात शोधा. सैल हाताची रेषा खाली लोंबते, पेलणाऱ्या हाताची रेषा ताठ असते.

आणि वस्त्रांच्या चुण्या शेवटी गिरवा. नवखे आधी चुण्यांत अडकतात, कारण त्या सुंदर असतात. पण चुण्या अंगाच्या हालचालीमागून येतात. आधी अंग.

याच्या शेजारी प्राचीन ग्रीक कवी हेसिअड याच्या काव्यांवरची, विल्यम ब्लेकने कोरलेली फ्लॅक्समनची चित्रं ठेवा. 1817 मध्ये आलेली ही 37 चित्रं. आरेखन त्याच माणसाचं, पण ब्लेकने सलग रेषेऐवजी बारीक ठिपक्यांची रेषा वापरली. त्यामुळे देव हवेतून साकारल्यासारखे हलके होतात. पिरोलीची रेषा तारेसारखी ताठ, ब्लेकची श्वास घेणारी. आरेखन एकाच हाताचं असूनही कोरणाऱ्यामुळे किती फरक पडतो हे एका दृष्टिक्षेपात कळतं.

## 4. उजेड : कोरा कागद शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात कमी शिकवली जाते.

एनग्रेव्हिंगमध्ये पांढरी शाई नसते. जिथे उजेड दिसतो तिथे कारागिराने काहीही केलेलं नसतं, कागद तसाच सोडलेला असतो. आपल्याकडे शाळेत, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत, पेन्सिल आडवी घासून छटा देण्याची सवय लागते. त्यात काळ्याकडून करड्याकडे अखंड जाता येतं. ब्युरिनला ती सोय नाही. त्याच्याकडे फक्त रेषा आहे, आणि करडा रंग म्हणजे काळ्या रेषा व त्यांच्यामधला पांढरा कागद यांचं प्रमाण.

म्हणून उजेड पाहताना उलटं पाहायचं. डोळे अर्धवट मिटा आणि चित्रात सर्वांत मोठी पांढरी जागा कुठे आहे ते आधी शोधा. मग खालच्या क्रमाने जवळ जा.

एकेरी रेषा. उजेडाला लागून असलेल्या भागात समांतर रेषांचा एकच थर असतो. या रेषा सरळ आहेत की वक्र? मांडीवरच्या रेषा मांडीला वेढा घालून जातात, भिंतीवरच्या सरळ जातात. म्हणजे एकच रेषा दोन कामं करते: छटा देते आणि आकारही सांगते.

जाळी. सावली गडद झाली की पहिल्या थरावर दुसरा तिरका थर येतो. दोन्ही थर फार तिरके छेदले की मध्ये शंकरपाळ्यासारखे लांबट चौकोन दिसतात. अनेक कारागीर त्या प्रत्येक चौकोनात एक ठिपका ठेवत, त्यामुळे त्वचा मऊ भासते. पॅरिसच्या शार्ल बेर्विकची कामं इथे पाहावीत: चित्रकार रेन्योच्या चित्रावरून 1798 मध्ये कोरलेलं ‘अकिलीसचं शिक्षण’ आणि 1809 मधलं ‘लाओकून’. दुसऱ्यात तर सापांच्या विळख्यात सापडलेल्या लाओकूनचा संगमरवरी पुतळा रेषेत आणायचा होता. दगडाचा थंडपणा आणि शरीराची वेदना दोन्ही एकाच जाळीतून दाखवायची.

फुगणारी रेषा. सावलीच्या पोटात रेषा रुंद होते आणि उजेडाकडे येताना निमुळती होऊन विरते. रेषा मोजून तेवढ्याच असतात, फक्त जाडी बदलते. हे भिंगाखाली दिसलं की कारागिराच्या मनगटाची ताकद कळते. मला स्वतःला या कलेतलं सर्वांत मोठं सौंदर्य इथेच वाटतं.

आता स्वतःला विचारा: उजेड एकाच बाजूने येतो का? निओक्लासिकल चित्रांत बहुतेकदा येतो, आणि तोही शांत, सम. त्याआधीच्या, नाट्यमय बरोक शैलीच्या चित्रांतल्यासारखा ढग फाडून कोसळत नाही. त्याचं काम नाट्य वाढवणं नसून आकृती एकमेकींपासून सुट्या करणं असतं. उजळ हातामागे गडद वस्त्र, गडद पाठीमागे उजळ भिंत, अशी अदलाबदल चित्रभर चाललेली असते. ट्रेसिंग पेपरवर फक्त तीन छटांत, कोरा, करडा आणि काळा, सगळं चित्र भरून पाहा. तपशील एकही काढू नका. उजेडाचा नकाशा उमटेल.

सापळा: पिवळट पडलेला कागद किंवा वाईट छायाचित्र पाहून ‘उजेड मंद आहे’ असा निष्कर्ष काढणं. दुसरा सापळा पत्र्याच्या झिजेचा. तांबं मऊ असतं. छापत गेलं की आधी बारीक रेषा पुसट होतात, म्हणजे नेमक्या उजेडाच्या कडेच्या. उशिरा निघालेल्या प्रतीत उजेड टक्कल पडल्यासारखा रिकामा दिसतो आणि सावल्या अचानक सुरू होतात. शक्य असेल तर एकाच चित्राच्या दोन संग्रहालयांतल्या प्रती शेजारी ठेवून पाहा.

## 5. रचना : खोली कमी, अंतर नेमकं

ट्रेसिंग पेपरवर आता फक्त पायांखालची जमीनरेषा आणि डोक्यांची उंची काढा. बहुतेक वेळा दोन जवळजवळ समांतर रेषा मिळतील. कारण ही रचना देवळावरच्या किंवा शवपेटीवरच्या उठावशिल्पातून आली आहे. माणसं एका अरुंद पट्टीवर, बरीचशी बाजूने दिसणारी, एकमेकांच्या मागे फार न लपणारी. मागची भिंत जवळ असते. नजर आत खोल जाऊ नये, आडवी सरकावी असा हा बेत असतो.

मग आडवं काय आहे ते शोधा. मृत्यूच्या प्रसंगात ते बहुधा प्रेत असतं. गॅव्हिन हॅमिल्टनच्या ‘हेक्टरच्या मृत्यूवर शोक करणारी अँड्रोमकी’ या चित्रावरून कुनेगोने 1764 मध्ये कोरलेलं मुद्राचित्र घ्या. शय्येवर आडवा हेक्टर (ट्रॉयचा योद्धा; अँड्रोमकी ही त्याची पत्नी), भोवती उभे-वाकलेले शोकाकुल. या मांडणीची मुळं प्राचीन रोमन शवपेट्यांवरच्या मृत्युप्रसंगांत आहेत. पुढे 1783 मध्ये फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदने हाच विषय रंगवला तेव्हा गर्दी काढून टाकली: पुढे आडवा हेक्टर, त्याच्याशेजारी बसलेली अँड्रोमकी, तिला बिलगलेलं मूल, मागे अंधार. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून माणसं मोजा आणि मोकळ्या जागा मोजा. शोक वाढवायला माणसं कमी कशी करता येतात, हे दाविदकडे दिसतं.

या मांडणीचा एक नमुना मराठी माणसाला जवळचा आहे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे, यांनी आपले गुरू मिशनरी श्वार्त्झ यांच्या स्मारकाचं काम फ्लॅक्समनकडेच दिलं होतं. श्वार्त्झ 1798 मध्ये वारले. तंजावरच्या चर्चमधल्या त्या संगमरवरी शिल्पात शय्येवर आडवे गुरू आहेत आणि त्यांचा हात धरून उभे असलेले राजे. आडवी एक रेषा, तिच्याकडे झुकलेली उभी रेषा, आणि दोघांना जोडणारा हात. हेक्टरच्या शय्येभोवती जी भाषा आहे तीच भाषा एका मराठा राजाच्या दुःखासाठी वापरली आहे. तंजावरला गेलात तर सरस्वती महालाबरोबर हेही पाहून या.

शेवटी हात पाहा, चेहरे नंतर. या काळातले चेहरे बरेचदा शांत, मुखवट्यासारखे असतात; भावना हातांत ठेवलेली असते. कोणाचा हात कोणाकडे जातो याच्या रेघा ओढल्या की रचनेचं केंद्र सापडतं, आणि पुष्कळदा तिथे एखादी वस्तू किंवा नुसती रिकामी जागा असते.

## 6. आता कथा उघडा

खुणांवरून देव ओळखायला शिका:

- गरुड आणि वज्र: झ्यूस, रोमन नाव ज्युपिटर
- मोर: हेरा, रोमन जूनो
- शिरस्त्राण, भाला, घुबड: अथीना, रोमन मिनर्व्हा
- पंखांची पादत्राणं आणि दोन सापांचा दंड: हर्मीस, रोमन मर्क्युरी
- त्रिशूळ: पोसायडन, रोमन नेपच्यून
- कपाळावर चंद्रकोर, धनुष्य: आर्टेमिस, रोमन डायना
- लायर हे तंतुवाद्य किंवा धनुष्य, लॉरेलची माळ: अपोलो, दोन्हीकडे तेच नाव

त्रिशूळ दिसला की आपल्याला शंकर आठवतो. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते. आणि नावं मिसळू देऊ नका: त्या काळात ग्रीक कथेच्या चित्राखालीही बहुतेकदा रोमन नावं छापत. फ्लॅक्समनच्या ओडिसीतही नायक ओडिसियस नव्हे, युलिसिस आहे.

पात्रं कळल्यावर एकच प्रश्न विचारा: कथेतला नेमका कोणता क्षण निवडला आहे? 1766 मध्ये जर्मन लेखक लेसिंगने मांडलं होतं की चित्राला एकच क्षण मिळतो, म्हणून तो कळसाचा नसावा; आधीचं आणि पुढचं कल्पनेने पाहता येईल असा असावा. घाव बसण्याच्या आधीचा श्वास, किंवा घावानंतरची शांतता. पाचव्या पायरीवर काढलेल्या हातांच्या रेघा या क्षणाशी ताडून पाहा.

## 7. डावं-उजवं तपासा

पत्र्यावर कोरलेलं चित्र छापताना आरशातल्यासारखं उलटतं. काळजी घेणारा कारागीर आधीच उलटं कोरतो, म्हणजे छाप सुलट येते. सगळे घेत नसत. योद्धा डाव्या हाताने तलवार चालवतोय, सगळेच डावखुरे दिसतायत, असं वाटलं तर मूळ चित्र शोधून ताडा. चित्र उलटलं की हालचालीची दिशा बदलते आणि डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या डोळ्याला तीच रचना वेगळी भासते. रचनेवर मत बनवण्याआधी हे करा.

## 8. विकत घ्यायचं असेल तर

घाई नको. तिरक्या उजेडात चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो का पाहा. पण समास कापलेला असेल तर तो अस्सल प्रतीतही दिसणार नाही, आणि नंतरच्या नकलांत तो खोटाही उमटवलेला असतो. खरी खूण भिंगाखाली मिळते. सारख्या अंतरावर ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती यंत्रावरची अलीकडची छपाई. स्टिपलचे ठिपके लहान-मोठे आणि अनियमित असतात. खोदकामाची शाई कागदावर किंचित उभी राहते. फ्लॅक्समनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: त्याची चित्रं इतकी गाजली की जर्मनीत रीपेनहाउझेनने आणि फ्रान्समध्ये रेव्हेयने ती पुन्हा कोरली. त्या प्रती वाईट नाहीत, पण त्या पिरोलीच्या नव्हेत, आणि किंमत त्याप्रमाणे हवी. विक्रेत्याला कोरणाऱ्याचं नाव आणि आवृत्तीचं वर्ष लेखी मागा.

## लंडनमध्ये असाल तर

ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र विभागात आधी वेळ ठरवून मूळ कागद समोर मांडून पाहता येतात. ओळखपत्र न्या, फक्त पेन्सिल न्या, शाईचं पेन आत चालत नाही. एका भेटीत पाच-सहाच चित्रं मागवा, नाहीतर दुपारपर्यंत डोळे थकतात. तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर युनिव्हर्सिटी कॉलेजच्या घुमटाखाली फ्लॅक्समनची प्लास्टरची शिल्पं भिंतीवर लावलेली आहेत. त्याच्या रेषांच्या जोडीने ती जरूर पाहावीत.

घरून सुरुवात करणाऱ्यांसाठी माझा क्रम असा: आधी फ्लॅक्समन-पिरोलीची ओडिसीतली ‘सायरन्स’, तिच्यावर फक्त रेषेचा अभ्यास. मग बेर्विकचं ‘लाओकून’, तिथे फक्त उजेड. मग हॅमिल्टन-कुनेगोची अँड्रोमकी, तिथे रचना. तिन्ही झाल्यावर अँजेलिका कॉफमनवरून बार्तोलोत्सीने कोरलेलं कोणतंही ठिपक्यांचं चित्र घ्या आणि पहिल्या सातही पायऱ्या त्या एकाच कागदावर करून पाहा.